मुंबईहून अमेरिकेला, मध्ये एक थांबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात गेली बावीस वर्षं मी विमानाची तिकिटं काढून देते. समोर येऊन बसतात ते बहुतेक आईवडील. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले, कुणी मुलाच्या पदवीदानासाठी टेक्सासला. ऑगस्ट जवळ आला की विद्यार्थी आणि त्यांच्या दोन-दोन भरलेल्या बॅगा. प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात, पण समोर चार माणसं थांबलेली असताना त्यांची नीट उत्तरं देता येत नाहीत. ती इथे लिहीत आहे. भाडी आणि वेळा सतत बदलतात, म्हणून त्या कशामुळे ठरतात यावरच भर दिला आहे.

सगळी विमानं मध्यरात्रीनंतरच का सुटतात? दिवसाढवळ्या का नाही?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि याचं उत्तर कळलं की पुढची निम्मी उत्तरं आपोआप कळतात. मुंबईहून सुटणाऱ्या परदेशी विमानाची वेळ मुंबईच्या सोयीने ठरत नाही. ती ठरते मधल्या थांब्याच्या घड्याळावर.

फ्रँकफर्टचं उदाहरण घ्या. तिथून अमेरिकेकडे जाणारी बरीचशी विमानं सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान निघतात. ती पकडायची तर मुंबईकर प्रवासी आठच्या सुमारास तिथे पोचलेला हवा. प्रवास साडेआठ तासांचा आणि उन्हाळ्यात घड्याळातला फरक साडेतीन तासांचा. उलटं मोजत आलात की मुंबईहून पहाटे तीनच्या आसपास निघावं लागतं. हेच विमान सकाळी दहाला सोडलं तर ते फ्रँकफर्टला दुपारी तीनला पोचेल. तोवर अमेरिकेची बरीच विमानं निघून गेलेली असतील.

दुसरं कारण विमानाचं. तेच विमान आदल्या दुपारी एकच्या सुमारास फ्रँकफर्टहून निघतं आणि रात्री साडेबाराला मुंबईत उतरतं. सफाई, इंधन, जेवण, नवे प्रवासी यात दोन-अडीच तास जातात आणि ते परत निघतं. आपल्या झोपेसाठी ते सकाळपर्यंत थांबवायचं, तर हजारो कोटींच्या ताफ्यातलं एक विमान रोज आठ-नऊ तास मुंबईत उभं राहील. उभ्या विमानाचं भाडं, हप्ता आणि पार्किंग थांबत नाही. शिवाय फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरवायला-उडवायला बंदी आहे, त्यामुळे सगळं गणित त्या चौकटीतच बसवावं लागतं.

आखाताकडेही तेच. दुबईहून न्यूयॉर्कचं सकाळचं विमान साडेआठच्या सुमारास सुटतं. मुंबई ते दुबई तीन-सव्वातीन तास आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. पहाटे साडेचारला निघालात तर तिथे सव्वासहा वाजलेले असतात. दोन तासांत पुढचं विमान. चौदा तास उडून न्यूयॉर्कला दुपारी अडीचच्या सुमारास उतराल. म्हणजे मुंबईत जागून काढलेल्या रात्रीच्या बदल्यात न्यूयॉर्कला उजेडी पोचता येतं आणि मुलाला अर्धीच रजा टाकावी लागते.

‘हब’ म्हणजे नेमकं काय?

जुन्या लोकांना कुर्डुवाडी आठवत असेल. मोठ्या लायनीवरची गाडी आली की तिचे उतारू घेऊन बार्शीकडची छोटी गाडी निघायची. छोट्या गाडीची वेळ मोठ्या गाडीला बांधलेली. हबचं तत्त्व तेच, फक्त तिथे एका गाडीच्या जागी पन्नास-साठ विमानं असतात. दोन तासांत सगळीकडून विमानं येतात, प्रवासी इकडून तिकडे जातात आणि पुढच्या दोन तासांत तीच विमानं सगळीकडे पांगतात. धंद्यात याला ‘बँक’ म्हणतात. मला ‘लाट’ हा शब्द जास्त पटतो, कारण दुबईत किंवा दोहात मध्यरात्री उभं राहिलं की ती खरोखर दिसते. अर्ध्या तासापूर्वी रिकामा असलेला मार्ग पाय ठेवायला जागा नाही असा भरतो आणि थोड्या वेळाने पुन्हा ओस पडतो.

लाटेचा फायदा मोठा आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंकेतल्या तीस शहरांतून आलेल्या विमानांना समोर वीस शहरांकडे जाणारी विमानं मिळाली, की सहाशे जोड्या तयार होतात. मुंबई ते ह्यूस्टन रोज साडेतीनशे माणसं जात नसतील, पण हबहून ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात नागपूरचा, कोलंबोचा, ढाक्याचा प्रवासी शेजारी शेजारी बसतो आणि विमान भरतं.

मध्ये थांबणारं विमान जास्त फिरून जातं, तरी तिकीट स्वस्त कसं?

आधी ‘फिरून जातं’ हे तपासू. घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरा आणि दोरा ताणा. सपाट नकाशावर दिसते त्यापेक्षा ही वाट बरीच उत्तरेकडून जाते. सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. दुबईमार्गे ते साधारण १२,९५० होतं आणि लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे १२,७५० च्या आसपास. म्हणजे वाट जेमतेम दोन ते चार टक्के वाकडी. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी सिंगापूरही असंच जवळजवळ दोऱ्यावर आहे. मुंबई–सिंगापूर–सिडनी हे सरळ अंतरापेक्षा थोडंच जास्त. पण सॅन फ्रान्सिस्कोला सिंगापूरमार्गे गेलात तर साडेतेरा हजारांच्या जागी साडेसतरा हजार किलोमीटर होतात. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून हे करणारे तरुण मी पाहिले आहेत. चोविशीत चालतं, सत्तरीत नाही.

आता इंधन. सोळा तासांच्या सलग उड्डाणात विमान पहिले कित्येक तास शेवटच्या तासांचं इंधन वाहून नेत असतं, आणि ते वजन उचलायलाही इंधन लागतं. दर तासाला त्या जादा वजनाच्या तीन-चार टक्के इतकं इंधन नुसतं वाहण्यातच संपतं. मध्ये उतरून भरून घेतलं की हा खर्च वाचतो. उलट थांब्यामुळे एक जादा उड्डाण आणि उतरणं, विमानतळाची फी, दुसरा कर्मचारीवर्ग हे खर्च वाढतात. सगळं मिळून थांब्याचा प्रवास कंपनीला काही फार स्वस्त पडत नाही.

स्वस्त पडतो तो आपल्याला, स्पर्धेमुळे. मुंबईहून अमेरिकेला न थांबता नेणाऱ्या कंपन्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. आणि मध्ये थांबून नेणाऱ्या? दुबई, अबू धाबी, दोहा, इस्तंबूल, लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक, शिवाय पूर्वेकडून सिंगापूर आणि हाँगकाँग. प्रत्येक हबवाल्याला मुंबईचा प्रवासी हवा असतो, आणि तो दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो हेही माहीत असतं. म्हणून भाव खाली येतो. न थांबता जाण्याची सोय ज्यांच्याकडे आहे, ते तिचे जादा पैसे लावतात, कारण ती विकणारे मोजके आहेत.

याचं उलटं रूपही बघा. मुंबई–दुबई–न्यूयॉर्कच्या तिकिटात दुबई–न्यूयॉर्क या तुकड्याचा वाटा जेवढा पडतो, त्याच विमानाचं त्याच दिवशीचं दुबईकराचं तिकीट त्यापेक्षा बरंच महाग असू शकतं. दुबईकराला ते विमान न थांबता नेतं, म्हणून तो जास्त देतो. मुंबईकराला कंपनी ओढून आणते. खुर्ची एकच, भाव दोन.

दुबईची कंपनी मुंबईचा माणूस न्यूयॉर्कला नेते. हा हक्क तिला कुणी दिला?

१९४४ साली शिकागोत झालेल्या परिषदेतून आजची सगळी व्यवस्था निघाली. कुठल्याही देशाचं विमान दुसऱ्या देशात उतरायचं तर त्या दोन देशांचा करार हवा. या हक्कांना ‘हवाई स्वातंत्र्यं’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. आपल्या देशातून परदेशात प्रवासी नेणं हे तिसरं, परदेशातून आपल्या देशात आणणं चौथं. दुबईची कंपनी मुंबईचा प्रवासी चौथ्या हक्काने दुबईला आणते आणि तिसऱ्या हक्काने न्यूयॉर्कला नेते. दोन्ही टप्पे कायदेशीर. ते जोडले की जे होतं त्याला धंद्यात सहावं स्वातंत्र्य म्हणतात. भारत आणि अमेरिका यांच्या करारात दुबई कुठेच नाही, तरी दोघांमधला प्रवासी दुबई नेते.

एक तपशील मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुबईची एमिरेट्स २५ ऑक्टोबर १९८५ ला सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दिवसाच्या उड्डाणांत कराची आणि मुंबई होती. विमानंही पाकिस्तानच्या सरकारी कंपनीकडून भाड्याने आणलेली. अमेरिकेला ती पोचली २००४ मध्ये. म्हणजे या साम्राज्याचा पाया आपल्यासारख्या प्रवाशांवर रचला गेला.

मग त्यांनी मुंबईतून दुप्पट विमानं सोडावीत की. भाडी आणखी उतरतील.

त्यांना सोडायची आहेत. भारत सरकार देत नाही. भारत आणि दुबई यांच्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार जागांची मर्यादा आहे, आणि २०१४ नंतर ती वाढलेली नाही. दुबईने अनेकदा मागणी केली. आपल्या सरकारचं म्हणणं असं की लांबचे प्रवासी भारतीय विमानांनी भारतातूनच न्यावेत, दुसऱ्याचं हब आपण का भरायचं?

मला यात दोन्ही बाजू दिसतात. हब परदेशात गेलं की वैमानिक, अभियंते, केटरिंग, हॉटेलं यांच्या नोकऱ्याही तिकडे जातात, हे खरं आहे. पण मे महिन्यात तिकिटाचा आकडा ऐकून गप्प बसणारे निवृत्त शिक्षक माझ्यासमोर बसलेले असतात. जागा थोड्या आणि मागणी खूप, याची किंमत तेच मोजतात. आपल्या कंपन्यांकडे पुरेशी मोठी विमानं येईपर्यंत तरी गर्दीच्या महिन्यांपुरत्या जागा वाढवायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

२०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने दिल्लीपासून ५,००० किलोमीटरच्या पलीकडच्या देशांसाठी दारं बरीच खुली केली. आखात त्या वर्तुळाच्या आत येतं. हे वर्तुळ कुणाला या सवलतीबाहेर ठेवण्यासाठी आखलं, ते नकाशा पाहिला की कळतं.

आपल्या कंपन्यांनी असं हब का उभारलं नाही?

प्रयत्न झाले. जेट एअरवेजने २००७ मध्ये ब्रसेल्सला तळ केला. मुंबई, दिल्ली, चेन्नईची विमानं सकाळी तिथे एकत्र यायची, प्रवासी अदलाबदल करायचे आणि अमेरिका-कॅनडाकडे निघायचे. मी त्या विमानांची खूप तिकिटं काढली. वडापाव घेऊन ब्रसेल्सच्या बाकावर बसलेली आजी-आजोबांची रांग हे तिथलं नेहमीचं दृश्य होतं, असं प्रवासी सांगायचे. २०१३ मध्ये अबू धाबीच्या एतिहादने जेटमध्ये २४ टक्के भाग घेतला. त्याच वर्षी अबू धाबीच्या जागा आठवड्याला १३ हजारांवरून ५० हजारांपर्यंत वाढवायचा करार झाला आणि जेटचा ओघ तिकडे वळला. मार्च २०१६ मध्ये युरोपातला तळ ब्रसेल्सहून ॲमस्टरडॅमला गेला आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच बंद पडली.

एअर इंडियाची वाट वेगळी. तिने २००७ पासून लांब पल्ल्याची बोइंग ७७७ विमानं घेऊन मुंबई–न्यूयॉर्क न थांबता सुरू केलं. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे परत आली आणि पुढच्या वर्षी ४७० विमानांची मागणी नोंदवली. पण विमानं हळूहळू येतात, आणि मध्येच आकाश बंद होतं. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना खुलं. पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची काही विमानं त्यानंतर व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली. न थांबता जाण्याचे जास्त पैसे घ्यायचे आणि मध्ये थांबायचं, अशी अडचण झाली. त्याच वाटेवरच्या परदेशी स्पर्धकांना ही बंदी लागू नव्हती.

इंडिगोही आता या खेळात आहे. जुलै २०२५ मध्ये तिने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला भाड्याच्या मोठ्या विमानांनी सेवा सुरू केली. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. सांताक्रूझ–सहारच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एका धावपट्टीवर दिवसाला हजाराच्या आसपास विमानं हाताळणं ही तिथल्या नियंत्रकांची कमाल आहे, पण लाट उभी करायला तिथे जागा नाही. नवी मुंबईत समांतर दोन धावपट्ट्यांची आखणी आहे. मुंबईत हब होणार असेल तर ते तिकडेच होईल.

पूर्वी तर किती थांबे असायचे म्हणे?

८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. तेव्हाच्या लॉकहीड कॉन्स्टेलेशनला भरल्या पोटी एवढा पल्ला झेपत नव्हता, म्हणून थांबा. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं. तेव्हाचा थांबा यंत्राची गरज होता, आजचा थांबा धंद्याची गरज आहे.

डायरेक्ट आणि नॉन-स्टॉप एकच ना?

नाही, आणि यात माणसं फसतात. नॉन-स्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे एकाच फ्लाइट नंबरने शेवटपर्यंत जाणारं, मग मध्ये उतरलं तरी. एअर इंडियाने २०१६ मध्ये अहमदाबाद–लंडन–न्यूअर्क सुरू केलं, ते डायरेक्ट होतं, नॉन-स्टॉप नव्हतं. आपण बोलताना सर्रास ‘डायरेक्ट’ म्हणतो. तिकीट काढताना मात्र ‘थांबे किती’ असं विचारा.

पुणे, नागपूर किंवा गोव्याहून परस्पर जाता येईल का?

नागपूरकरांची सोय पुणेकरांपेक्षा बरी आहे, हे ऐकून पुणेकर नेहमी दचकतात. नागपूरहून कतार एअरवेज दोह्याला जाते आणि तिथून जग उघडतं. विदर्भातल्या माणसाने आधी मुंबई गाठायची गरज नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि सुमारे अडीच किलोमीटरचीच, त्यामुळे लांब पल्ल्याची भरलेली मोठी विमानं तिथून उडत नाहीत. २००८ मध्ये लुफ्थान्साने छोट्या विमानाने पुणे–फ्रँकफर्ट सुरू केलं होतं, ते मुख्यतः चाकणच्या जर्मन कारखान्यांच्या साहेबांसाठी. गोव्यात दाबोळी नौदलाची, तर मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला नागरी विमानतळ. गोवेकरांनी मोपाहून आखातमार्गे काय मिळतं ते आधी बघावं, मग मुंबईचा विचार करावा.

मधल्या थांब्याला किती वेळ ठेवावा?

प्रत्येक विमानतळाचा एक किमान वेळ ठरलेला असतो, त्यापेक्षा कमी अंतराची जोडणी संगणक विकतच नाही. फ्रँकफर्टला तो साधारण ४५ मिनिटं आहे. पण तो धावू शकणाऱ्या माणसाचा वेळ आहे. मी ज्येष्ठांना अडीच ते चार तासांची जोडणी देते. दोनपेक्षा कमी नको, कारण मुंबईहून विमान तासभर उशिरा निघणं नवीन नाही. पाचपेक्षा जास्तही नको, कारण पहाटे तीनला सुरू झालेल्या प्रवासात खुर्चीवरचे ते तास पाय सुजवतात.

पुढच्या विमानानंतर त्या दिवशी आणखी एखादं विमान आहे का, हेही बघा. जिथे रोज तीन विमानं आहेत तिथे एक चुकलं तर दुसऱ्यात बसवतात. जिथे आठवड्यातून चारच आहेत तिथे दोन दिवस हॉटेलात. तिकीट काढताना हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी विचारावं ते हेच.

दोन वेगळी तिकिटं काढली तर दहा-बारा हजार वाचतात. काढावीत का?

माझ्या स्वतःच्या मावशीचं मी एकदा असं केलं आणि अजून मनाला लागून आहे. पहिल्या कंपनीचं विमान चार तास उशिरा पोचलं. दुसऱ्या कंपनीच्या लेखी मावशी ‘आलीच नाही’. नवीन तिकीट त्या रात्रीच्या भावाने घ्यावं लागलं, आणि सत्तर वर्षांची बाई परक्या विमानतळावर अकरा तास एकटी बसली.

सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असतील, तर उशीर झाल्यावर तुम्हाला शेवटपर्यंत पोचवणं ही तिकीट देणाऱ्याची जबाबदारी असते. वेगळ्या तिकिटांत ती जबाबदारी कुणाचीच नसते. मुंबईत बॅगेवर शेवटचा टॅगही बहुधा लागत नाही, म्हणजे मध्ये बॅग घ्यायला त्या देशात शिरावं लागेल आणि त्यासाठी व्हिसा लागेल. ज्येष्ठांसाठी हे कधीही करू नका.

बॅगा शेवटपर्यंत जातात ना?

एका पीएनआरवर साधारणपणे हो, पण अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथे बॅग घेऊन कस्टम्समधून काढून परत द्यावी लागते. शिकागोला उतरून पुढे डेट्रॉइटला जायचं असेल तर शिकागोत. अबू धाबी वेगळं आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचे अधिकारी बसतात आणि इमिग्रेशन तिथेच उरकतं. अमेरिकेत उतरल्यावर लोकल विमानातून आल्यासारखं बाहेर पडायचं. ज्यांना अधिकाऱ्यासमोर घशाला कोरड पडते, त्यांना मी मुद्दाम ही वाट सुचवते. तिथे रांग लांब असते, म्हणून तीन तास हवेत.

परत येताना दिल्लीत उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल, तर बहुतेक वेळा बॅग दिल्लीतच घ्यावी लागते.

ट्रान्झिट व्हिसा लागतो का?

देशागणिक नियम वेगळे, आणि ते बदलतात. तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर अनेक ठिकाणी सूट मिळते. पण परतीच्या प्रवासात तो संपलेला असेल तर सूट जाते, हे लोक विसरतात. पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर त्या दिवशीचा नियम वाचा. व्हॉट्सॲपवर आलेला नियम वाचू नका.

पहिला किंवा शेवटचा टप्पा सोडून दिला तर?

पहिला सोडलात तर पुढचं सगळं तिकीट, परतीसकट, रद्द होतं. शेवटचा टप्पा मुद्दाम सोडण्याच्या युक्त्या इंटरनेटवर आहेत. त्या कंपनीच्या अटींविरुद्ध असतात आणि बॅग तुमच्याशिवाय पुढे जाते. मी अशी तिकिटं काढून देत नाही.

थांब्याच्या देशात काही गडबड झाली तर?

हा धोका खरा आहे, आणि तो एकाच हबवर सगळा भार असण्याचा आहे. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने दुबई, दोहा, अबू धाबीसह दहा विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप हातात न्यायला मनाई केली. पुढच्या महिन्यातच एमिरेट्सने अमेरिकेची विमानं कमी करायचं जाहीर केलं. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत वर्षाचा पाऊस एका दिवसात पडला आणि हजारो लोक तिथे अडकले. २३ जून २०२५ ला कतारचं आकाश काही तास बंद झालं आणि दोह्याकडे निघालेली विमानं वाटेतून इतरत्र वळली. हबमध्ये एक लाट चुकली की पुढच्या प्रत्येक लाटेत आधीच माणसं भरलेली असतात, त्यामुळे काही तासांचा गोंधळ निस्तरायला दिवस लागतात.

उपाय साधे. औषधं दोन-तीन दिवस जास्तीची आणि हातातल्या पिशवीत, प्रिस्क्रिप्शनसकट. फोनला परदेशात चालणारं कार्ड. आणि तिकिटावर मुलाचा नंबर न देता प्रवाशाचा स्वतःचा नंबर, कारण बदलाचा मेसेज मुलगा झोपेत असताना येतो.

आईवडिलांसाठी आखात बरं की युरोप?

आखातात पहिला टप्पा तीन तासांचा आणि दुसरा तेरा-सोळा तासांचा. युरोपात नऊ आणि आठ. गुडघे, कंबर, मधुमेह असेल तर मी युरोप सुचवते, कारण मधोमध उठून चालता येतं. भाषेची भीती असेल तर आखात, कारण दुबई-दोह्यात हिंदी समजणारं माणूस दर दहा पावलांवर भेटतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, विमानतळावर गेल्यावर नको. ती घ्यायला लाज वाटून घेऊ नका. ती व्हीलचेअर ढकलणारा माणूसच तुमचा वाटाड्या असतो.

तिकीट काढल्यावर वेळ बदलल्याचा मेल आला. असं का?

विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. युरोपचं घड्याळ त्याच दिवशी सरकतं, अमेरिकेचं मात्र मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. आपलं सरकतच नाही. त्यामुळे त्या मधल्या आठवड्यांत जोडण्या हमखास हलतात. लंडनसारख्या गर्दीच्या विमानतळांवर उतरण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, ही मालमत्ताच असते. हंगामात ८० टक्के वापरला नाही तर तो हातचा जातो, म्हणून कंपन्या इतर वेळा हलवतात पण स्लॉट सोडत नाहीत.

मेल आला की आधी दोन विमानांमधलं नवं अंतर मोजा. ते फार कमी किंवा फार जास्त झालं असेल, तर ‘स्वीकारा’ हे बटण दाबू नका. बदल कंपनीने केलेला असल्यामुळे दुसरं विमान मागायचा हक्क तुमच्याकडे असतो, पण स्वीकारल्यावर तो बहुधा संपतो. आधी फोन करा, एजंटला किंवा कंपनीला, आणि तुम्हाला हवं असलेलं विमान नंबरासकट सांगा.